मातीची पत्रिका आहे, माणसाची कुठे आहे?



आमच्या यवतमाळ भागात वावराच्या मातीची पत्रिका मिळते. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानातल्या सुरतगडला सुरू झाली. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, सामू वगैरे बारा गोष्टी तपासून, तुमच्या मातीत काय कमी आणि काय जास्त ते कागदावर लिहून देतात. बैलांचंही तसंच. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाळ्याच्या आधी टोचतात, जनावर आजारी पडल्यावर नाही. मग जो माणूस त्या मातीत राबतो आणि त्या बैलांमागे चालतो, त्याच्या रक्ताची हंगामाआधी काही नोंद होते का? माझ्या पाहण्यात तरी नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, आता गावोगावी आरोग्य तपासणीची शिबिरं होतात की. होतात, आणि त्यांना माझा विरोध नाही. आशाताई घरोघरी फिरून तिशीच्या पुढच्या माणसांचे अर्ज भरतात, रक्तदाब आणि साखर तपासली जाते, तोंडाचा, स्तनांचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर वेळेत सापडावा म्हणून तपासणी होते. हे मोठं काम आहे. आमच्या गल्लीतल्या एका आजीबाईंना साखर आहे हे अशाच शिबिरात कळलं, नाहीतर पायाची जखम चिघळेपर्यंत कळलंच नसतं. पण बारकाईने पाहिलं तर ही तपासणी पुण्यातल्या कारकुनाची आणि आमच्याकडच्या शेतमजुराची एकच असते. त्या अर्जात धूर आणि धुळीबद्दल प्रश्न आहे. फवारणीबद्दल नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. आता चाळिशीचा असेल. स्वतःचं वावर थोडं, म्हणून दुसऱ्यांच्या पऱ्हाटीवर फवारणी करतो, मजुरी पंपाच्या हिशेबाने. शाळेच्या सभागृहात झालेल्या शिबिराला तोही आला होता. बाहेर भेटला तेव्हा मी विचारलं, काय रे, काय सांगितलं डॉक्टरांनी? तर म्हणाला, "बाई, बी.पी. पाह्यला, शुगर पाह्यली, डोये पाह्यले. चश्मा बी लिहून देला. पन फवारनी करतं का म्हनून कोनंच नाही इचारलं." तक्रारीच्या सुरात नव्हे हो, सहज बोलला. मला मात्र ते वाक्य काही केल्या सोडत नाही.

कारण आमच्या जिल्ह्याने २०१७ साल पाहिलं आहे. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यांत भरती झाले. पऱ्हाटी कुठे कुठे डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे नळी वर धरून फवारायचं आणि तेच तुषार तोंडावर घ्यायचे. दोन-तीन औषधं एकत्र मिसळण्याची सवय होतीच. सरकारने पुढे तपास पथक नेमलं. तेव्हा जी एक गोष्ट उघड झाली ती ही, की अशा विषबाधेत रक्ताची जी चाचणी उपयोगी पडते, तिची सोयच जिल्ह्यात नव्हती.

ती चाचणी म्हणजे कोलिनएस्टरेजची. मी मराठीची बाई, रसायनशास्त्र माझा प्रांत नव्हे, पण वर्गात समजावून सांगायचे तसं सांगते. मज्जातंतू स्नायूला 'हल' असा निरोप देतात. काम झालं की तो निरोप पुसणारं एक द्रव्य शरीरात असतं, ते कोलिनएस्टरेज. फळ्यावर लिहिलेलं डस्टरने पुसावं तसं. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशकं हे डस्टरच निकामी करतात. मग निरोपांवर निरोप साचत जातात. घाम सुटतो, लाळ गळते, नजर अंधूक होते, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास अडतो. विष थोडं थोडं जात राहिलं तर आधी नुसतं डोकं गरगरतं, मळमळतं. आमच्याकडे त्याला 'ऊन लागलं' म्हणतात आणि माणूस कांदा हुंगून दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर घेतो.

आता माझ्या मुद्द्यावर येते. या द्रव्याचं प्रमाण माणसामाणसांत मुळातच फार वेगवेगळं असतं. त्यामुळे माणूस आजारी पडल्यावर एकदाच रक्त तपासलं तर आकडा कमी झालाय की पहिल्यापासूनच तेवढा आहे हे सांगणं अवघड होतं. फवारणी सुरू होण्याआधीचा, त्याचा स्वतःचा आकडा हाताशी हवा. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९७४ पासून ही पद्धत आहे. जास्त विषारी औषधं वरचेवर हाताळणाऱ्या मजुरांचं रक्त आधी तपासून ठेवतात आणि हंगामात पुन्हा तपासतात. आकडा मूळच्या ८० टक्क्यांखाली आला तर काम कसं चाललंय याची चौकशी होते. तांबड्या पेशींतला आकडा ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातला ६० टक्क्यांवर उतरला, तर त्या माणसाला त्या औषधांपासून दूर ठेवतात, तो पुन्हा ८० टक्क्यांवर येईपर्यंत. ही चाचणी सगळीच विषं पकडत नाही, हेही खरं. त्या दोन गटांबाहेरच्या औषधांना तिचा उपयोग नाही. पण म्हणून ती करूच नये, असं कसं?

पुण्याचा माझा भाचा ज्या कंपनीत आहे तिला म्हणे आमच्याकडे शिबिर घ्यायचंय. त्याला मी तारीख सुचवली मे अखेरची, मृगाच्या आधी. तो म्हणाला, मावशी, खर्च मार्चच्या आत दाखवावा लागतो. घ्या! शेतकऱ्याचं वर्ष मृगापासून आणि शिबिराचं वर्ष हिशेबाच्या वहीपासून. फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यायचं असेल तर तेव्हाही घ्या, फवारणी थांबून काही महिने झालेले असतील तर मूळ आकडा तेव्हाही मिळतो. पण मग दुसरी तपासणी पोळ्याच्या सुमाराला व्हायला हवी. पोळ्याच्या दिवशी आणि कराच्या दिवशी वावरात फारसं कोणी जात नाही, माणसं घरी सापडतात, आणि फवारणीही तेव्हा जोरात असते. सकाळी अकरा वाजता सभागृहात खुर्च्या मांडून बसलात तर तपासायला मिळतील आमच्यासारखे पेन्शनर. (मीही आतापर्यंत तीन शिबिरांत रक्तदाब मोजून घेतलाय. तिन्ही वेळा उत्तम.)

आता खरी अडचण. समजा पोळ्याला माझ्या विद्यार्थ्याचा आकडा उतरलेला निघाला. त्याला सांगायचं, बाबा, आता पंपाला हात लावू नकोस. तांबड्या पेशींतलं प्रमाण भरून यायला तीन-तीन महिनेही लागू शकतात. म्हणजे त्याची ऐन कमाईची वेळ गेली. तो ऐकेल का? मी त्याच्या जागी असते तर मीही ऐकलं नसतं, चिठ्ठी खिशात घालून पंप भरला असता. म्हणून त्या दिवसांची मजुरी किंवा दुसरं काम देण्याची सोय तपासणीच्या आधी ठरायला हवी. हे काही आकाशातले तारे मागणं नाही. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणारं हे राज्य आहे. दुष्काळात हाताला काम द्यायचं हे आपण स्वीकारलं, तर ज्याचं रक्तच दुष्काळी झालंय त्याला दोन-तीन महिने बिनविषारी काम द्यायला काय हरकत आहे? रोपवाटिका आहे, शाळेचं कुंपण आहे, रस्त्याकडेची झाडं आहेत.

आणि बायकांना विसरू नका. फवारणारा म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यापुढे पुरुष येतो. पण पंपासाठी पाणी वाहून आणणारी, कधी बादलीत औषध ढवळणारी, दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या पऱ्हाटीत निंदायला शिरणारी आणि संध्याकाळी नवऱ्याचे भिजलेले कपडे हाताने धुणारी बाईच असते. तिने पंप उचलला नाही म्हणून तिचं नाव फवारणीच्या यादीत येणार नाही. तेव्हा अर्जात "फवारणी करता का?" एवढंच विचारू नका. "घरात फवारणीचे कपडे कोण धुतं?" हेही विचारा, आणि तिचंही रक्त घ्या.