राक्षस कोणत्या पायरीवर भेटावा?

वस्त्यांमध्ये मुलांसाठी वाचनालयं चालवावीत याबद्दल आपल्या गटांमध्ये आता दुमत राहिलेलं नाही. दुमत सुरू होतं ते पुस्तकांची यादी करायला बसल्यावर. गेल्या काही महिन्यांत पुण्यातल्या अशा तीन याद्या माझ्याकडे मत द्यायला आल्या. तिन्हींमध्ये मुलगा पोळ्या लाटतो, मुलगी सायकलचं पंक्चर काढते, बाबा भांडी घासतात आणि आई बैठकीला जाते. शिवाय झाडं लावायची आणि पाणी वाचवायचं. एकाही यादीत राक्षस नाही, परी नाही, आपोआप चालणारा भोपळा नाही. एका यादीखाली तर स्पष्ट टीपच होती, की परी, जादू, भुतंखेतं असलेली पुस्तकं घेऊ नयेत. या टिपेशी मला भांडायचं आहे.

टीप लिहिणारीची बाजू मला ठाऊक आहे, कारण ती आपल्या सगळ्यांचीच बाजू आहे. आपण ज्या गोष्टी ऐकत वाढलो त्यांत राजकन्या हे बक्षीस होतं. राक्षस मारला की अर्धं राज्य आणि राजकन्या, दोन्ही एकाच दमात देऊन टाकायची! सावत्र आई दुष्टच असायची, म्हातारी एकटी राहत असली की चेटकीण निघायची. चिमणीच्या दारात काकडलेला कावळा उभा असतो, तेव्हा तिचं बाळाची अंघोळ, तीटपावडर, झोपवणं हे सगळं संपेपर्यंत दार उघडत नाही. त्या गोष्टीतला बाबा-चिमणा कुठे असतो हे कुणी विचारलेलंच नाही. श्रावणातल्या कहाण्यांत नावडतीचे दिवस पालटतात, पण ते वसा नीट पाळल्यावर. या सगळ्यावर आपण लिहिलं, बोललो, पथनाट्यं केली. पाठ्यपुस्तकातल्या चित्रांवरही बायकांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं टीका केली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघं मिळून भाजी निवडताना दिसले, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं.

त्यात पुण्यामुंबईत बसून विसरायला सोपी अशी एक गोष्ट आहे. सातपुड्यात नंदुरबारकडे बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ला याच शहरात, विठ्ठल रामजी शिंदे पुलावर गोळ्या घातल्या आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा राज्यात लहान मुलींच्या हातात चेटकिणीची गोष्ट द्यायची का, हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही.

तरीही माझं उत्तर आहे, द्यायची.

डाकीण ठरवणारा भगत गोष्ट सांगत नसतो. तो ‘हे खरं आहे’ म्हणून सांगतो आणि समोरच्यांना ते खोटं असू शकेल असा विचारही करू देत नाही. गोष्ट याच्या बरोबर उलट करते. ‘आटपाट नगर होतं’ म्हटल्याबरोबर चार वर्षांच्या पोरालाही कळतं, की आता खोटं-खोटं सुरू झालं. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८च्या नव्या प्रयोगात वैभव मांगले यांनी केली. मुलं किंचाळतात, खुर्चीखाली लपतात आणि पडदा पडल्यावर आत जाऊन त्या चेटकिणीलाच भेटायचा हट्ट धरतात. चेटकीण म्हणजे रंगवलेला चेहरा आणि आत माणूस, हे ज्या मुलानं हसत-घाबरत पाहिलंय त्याला उद्या कुणी शेजारणीकडे बोट दाखवून ‘ती डाकीण आहे’ म्हटलं, तर निदान शंका घेण्याची सवय तरी असेल. खोट्या-खोट्याचा सरावच ज्यांना मिळाला नाही, त्यांना खरं-खोटं निवडता येईल, हा भरवसा आपण कशाच्या जोरावर धरतो?

आणि ही गोष्टींची दुनिया काही पुरुषांनी आणून दिलेली नाही. १९५९ साली सुधा करमरकरांनी ‘लिट्ल थिएटर’ काढून मराठीत मुलांच्या रंगभूमीची नीट घडी बसवली. पहिलं नाटक ‘मधुमंजिरी’, त्यातली चेटकीण त्यांनी स्वतः केली. याच पुण्यात शकुंतला परांजपे संततिनियमनाचा प्रचार करत होत्या. त्या काळी त्याचं नाव काढलं तरी लोक कानावर हात ठेवत. त्यांच्या मुलीचं, सईचं, पहिलं पुस्तक ‘मुलांचा मेवा’ निघालं तेव्हा ती आठ वर्षांची होती. ते परीकथांचं पुस्तक होतं. इतक्या रोखठोक विवेकी घरात पऱ्यांना मज्जाव नव्हता, हे आपल्या टीपवाल्या मैत्रिणींनी जरा ध्यानात घ्यावं. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिलं. त्यात पुरुष पडद्यात आणि राज्यकारभार बायकांच्या हाती. हे त्यांना वास्तववादी कथेत लिहिता आलं असतं का? जे अजून कुठेच नाही ते आधी कल्पनेतच उभं करावं लागतं. चळवळ म्हणून आपणही तेच करतो, फक्त त्याला कार्यक्रमपत्रिका म्हणतो.

दुसरं, आपण दार लावलं म्हणून परी थांबत नाही. कोथरूड-औंधच्या घरांतून निघालेली चकचकीत इंग्रजी पुस्तकं रद्दीतून वस्तीत येतातच. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३पासून या शहरात ज्या कचरावेचक बायकांना संघटित करते आहे, त्यांच्या हातांतूनच तर हा माल जातो. त्या पुस्तकांत गुलाबी झगा, सोनेरी केस आणि कमरेत मुठीएवढी राजकन्या असते. मोबाइलवर तीच हलते-बोलते. आपल्या यादीनं राक्षस काढून टाकला, की मुलीसमोर उरते ती एवढी एकच जादू.

आता पायऱ्यांकडे येते. माझा खरा राग तिथे आहे.

हल्ली पुस्तकांवर वाचनाच्या पायऱ्या छापलेल्या असतात. प्रथम बुक्सनं चार पायऱ्या ठरवल्या : २५० शब्दांपर्यंत पहिली, ६००पर्यंत दुसरी, १५००पर्यंत तिसरी, त्यापुढे चौथी. २०१५पासून त्यांच्या स्टोरीवीव्हरवर मराठीतली पुस्तकंही फुकट वाचायला, छापून घ्यायला मिळतात. हे काम मोठं आहे आणि त्याचा उपयोग मी स्वतः करते. पण शब्द मोजून मराठी वाचनाची अडचण मोजता येत नाही. ‘घराबाहेरच्यांनासुद्धा’ हा आपला एकच शब्द. इंग्रजीत त्याचे चार-पाच झाले असते. आपल्याकडे मूल अडतं ते जोडाक्षरावर, रफारावर, ‘कृ’ आणि ‘क्रु’वर. घरी ‘पानी’ म्हणणारी पोर पुस्तकातल्या ‘पाणी’पाशी थबकते, तेव्हा ताईंना ती कच्ची वाटते. ती कच्ची नसते, पुस्तक तिच्या घरचं नसतं.

गंमत पाहा. जोडाक्षर नको असा नियम लावला की ‘परी’ चालते, ‘भूत’ चालतं, ‘चेटकीण’सुद्धा चालते, पण ‘राक्षस’ बाद. क्ष आला ना! आणि मी पाहिलेलं असं, की ज्या मुलांना क्ष सुटा ओळखता येत नाही तीही ‘राक्षस’ हा शब्द एका नजरेत वाचतात. दात दिसतात त्यांना त्या शब्दात. जे वाचायची उत्सुकता असते ते मूल आपल्या पायरीच्या वरचंही वाचतं. म्हणजे सोप्या पुस्तकांतून राक्षस काढून आपण वाचन सोपं करत नाही, वाचायचं कारण काढून घेतो.

२०२२च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. शहरातल्या वस्त्या त्या पाहणीत येत नाहीत, पण वाचनवर्ग घेणाऱ्या कुणालाही हे चित्र नवं वाटणार नाही. मागे पडणाऱ्यांत थोरल्या मुली किती असतात ते एकदा आपापल्या वर्गात मोजा. अकरा वर्षांची मुलगी कडेवर भावाला घेऊन येते. पाणी भरून, भात टाकून आलेली असते. अडखळत वाचते म्हणून ताई तिला पहिल्या पायरीचं पुस्तक देतात. पानावर तीन शब्द, लाल चेंडू, पिवळा चेंडू. ती एकदा पुस्तकाकडे पाहते आणि भावाच्या हातात देते. तिचा अपमान झालाय हे तिला कळतं, आपल्याला कळत नाही. तिचं डोकं अकरा वर्षांचं आहे, त्याहून जरा मोठंच. फक्त डोळे जोडाक्षरावर अडतात. आणि वर आपण म्हणतो, मुलींना वाचनाची आवड नाही. चौथ्या पायरीवर, म्हणजे जिथे कल्पनेचे मोठे खेळ सुरू होतात, तिथवर पोचतात ती इंग्रजी शाळेतली, घरात कपाटभर पुस्तकं असलेली मुलं. अशा रीतीनं स्वप्नंसुद्धा पायरी पाहून वाटली जातात.

म्हणून माझं म्हणणं, पायरी मुलाच्या गळ्यात बांधू नका. ऐकण्याची पायरी वेगळी आणि स्वतः वाचण्याची वेगळी. ऐकण्याची नेहमी पुढे असते. स्वतः वाचायला हातात असेल त्याच्या दोन पायऱ्या वरचं पुस्तक रोज मोठ्यानं वाचून दाखवा. एका पानावर मूल पाचांहून जास्त ठिकाणी अडलं तर पुस्तक काढून घेऊ नका, एक परिच्छेद तुम्ही वाचा, एक तिला वाचू द्या. थोरलीला धाकट्यांसाठी वाचून दाखवायचं काम द्या. मग तेच चेंडूचं पुस्तक ती ऐटीत घेते, कारण आता ती शिकवणारी असते.

तीन-चार वर्षांच्यांना पुस्तक नसलं तरी चालेल, म्हातारी आणि भोपळा पुरे. एकटी म्हातारी जंगलातून लेकीकडे जाते, खाऊनपिऊन धष्टपुष्ट होते आणि भोपळ्यात बसून वाघाला चकवत परत येते. आपल्या परंपरेत इतकी बिनधास्त प्रवासिनी दुसरी नाही आणि तिला आपण ‘अवैज्ञानिक’ म्हणून यादीबाहेर ठेवतो! जरा मोठ्यांना विंदा करंदीकर वाचून दाखवा. ‘एटू लोकांचा देश’मध्ये सगळं जगच उलटंपालटं आहे आणि उलटंपालटं जग पाहून खदखदणाऱ्या मुलांना ‘असंच असतं’ हे वाक्य नंतर पटवणं जड जातं. नुकत्याच वाचू लागलेल्यांसाठी राजीव तांबेंचं ‘प्रेमळ भूत’. भाषा साधी, बोलण्यातली. माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ तुमच्या यादीत आहेच, राहू दे. पण त्यांनीच संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ही घ्या. बाल गट आणि कुमार गट अशी त्याची विभागणी आहे आणि तरी मुलांना झेपणार नाही म्हणून साहित्य पातळ केलेलं नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा काही जादूचा नव्हे, पण तोही हवा. मात्र वाचून झाल्यावर विचारा, की फेणे सायकलवरून पुणंभर हिंडतो तेव्हा मालीच्या वाट्याला काय येतं? वर्गातल्या मुलींना मालीची गोष्ट लिहायला सांगा. पानंच्या पानं लिहितात, शुद्धलेखन मोजू नका. मोठ्या मुलींसाठी जुन्या ग्रंथालयातून ‘जाईची नवलकहाणी’ शोधून काढा, देवदत्त टिळकांनी ‘ॲलिस’ला मराठी जाई केली ते. हे देवदत्त लक्ष्मीबाई टिळकांचे चिरंजीव. लक्ष्मीबाई स्वतः लग्नानंतर अक्षर शिकल्या, त्यांना कुठली पायरी दिली असती आपण?

राजकन्या बक्षीस दिल्याच्या जुन्या गोष्टीही मी फेकणार नाही. त्या वाचायच्या आणि तिथे थांबून राजकन्येला काय वाटलं ते मुलांना विचारायचं. एकदा एका सात वर्षांच्या मुलीनं सांगितलं, ‘ती राक्षसाकडेच राहिली, तो तिला जेवण करून द्यायचा.’ आपल्या तीन याद्यांमधल्या सगळ्या आदर्श बाबांपेक्षा मला तो राक्षस जास्त आवडला.

पैशांचा प्रश्न येईलच. शिक्षण हक्क कायदा २००९च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत असं लिहिलेलं आहे. गोष्टींची असा वेगळा उल्लेख आहे. कितीतरी शाळांत ही पुस्तकं आलेलीही असतात, पण कपाटात असतात, आणि किल्ली रजेवर गेलेल्या बाईंकडे असते. फाटतील म्हणून देत नाहीत. रेशनच्या दुकानावर, पाण्याच्या टाकीवर आपण मोर्चे नेले. तर येत्या जूनमध्ये शाळा उघडल्या, की प्रत्येक गटानं आपल्या वस्तीतल्या मनपा शाळेत दहा-बारा आयांना घेऊन जावं, कायद्याचं ते पान सोबत ठेवावं आणि कपाट उघडून दाखवायला सांगावं. आत काय सापडलं, किती पुस्तकांची पानं अजून फाडलेलीसुद्धा नाहीत, आणि त्यांत राक्षस किती, ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा.