‘सॉ एक्स’ आणि कॅन्सरच्या खोट्या उपचारांचा सापळा



भयपट हा काही या ब्लॉगचा विषय नाही. तरीही आज एका भयपटाबद्दल लिहितो आहे, कारण त्यातली सर्वांत भयंकर गोष्ट रक्ताची नाही, उपचाराची आहे. आणि ती पडद्याबाहेरही घडते.

‘सॉ’ म्हणजे करवत. जेम्स वॅन यांनी दिग्दर्शित केलेला या मालिकेचा पहिला चित्रपट २००४ साली आला. माणसांना जीवघेण्या सापळ्यांत अडकवणारा जॉन क्रेमर हे तिचं मुख्य पात्र. मालिकेचा दहावा भाग ‘सॉ एक्स’ सप्टेंबर २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक केव्हिन ग्रॉयटर्ट, आणि क्रेमरच्या भूमिकेत नेहमीप्रमाणे टोबिन बेल. (पुढे कथानक उघड केलं आहे. लहान मुलांनी आणि रक्त पाहून घेरी येणाऱ्यांनी हा चित्रपट पाहू नये, हे वेगळं सांगायला नको.)

गोष्ट काय आहे?

कथा पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधल्या काळात घडते. क्रेमरला मेंदूचा कॅन्सर आहे आणि हाती थोडेच महिने उरले आहेत. रुग्णांच्या आधारगटात त्याला हेन्री नावाचा माणूस भेटतो. काही दिवसांनी हाच हेन्री ठणठणीत दिसतो आणि एका नॉर्वेजियन डॉक्टरच्या नव्या उपचाराबद्दल सांगतो. क्रेमर मेक्सिकोला जातो. पैसे भरतो. तिथे सेसिलिया पेडरसन नावाची गोड बोलणारी बाई त्याचं स्वागत करते. ‘शस्त्रक्रिया’ होते, ‘गाठ निघाली’ असं सांगितलं जातं. आनंदाने भारावलेला क्रेमर तिथल्या एका मुलीसाठी भेटवस्तू घेऊन परत जातो, तर जागा रिकामी. मग तो डोक्याचं बँडेज सोडतो. खाली जखमच नाही. शस्त्रक्रिया झालेलीच नसते.

पुढे सूड, सापळे, आरडाओरडा. ते मी सोडून देतो. माझ्या मते हा चित्रपट त्या बँडेजच्या प्रसंगाशीच संपतो.

असं खरंच होतं का?

होतं. हॉलिवूडचा लोकप्रिय नट स्टीव्ह मॅक्वीन याला १९७९ च्या अखेरीस मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर असल्याचं कळलं. १९८० मध्ये तो मेक्सिकोतल्या एका दवाखान्यात दाखल झाला. तिथल्या उपचारांत लेट्राइल होतं, कॉफीचे एनिमा होते. त्याने मेक्सिकोचे जाहीर आभारही मानले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, वयाच्या ५० व्या वर्षी, तो गेला. त्याचा आजार तेव्हाच्या मान्य उपचारांनीही बरा होणारा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ‘मी बरा होतोय’ ही खात्री त्याला ज्यांनी दिली, त्यांच्याजवळ तिला कसलाही आधार नव्हता.

लेट्राइल हे जर्दाळूच्या बीमधल्या द्रव्यापासून बनवतात आणि त्यातून शरीरात सायनाइड तयार होऊ शकतं. अमेरिकेत १७८ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली, निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. फायदा दिसला नाही. काहींच्या रक्तात सायनाइडची पातळी धोक्याच्या जवळ गेलेली मात्र आढळली.

आणि बिनजखमेची शस्त्रक्रिया? अमेरिकन विनोदी कलाकार अँडी कॉफमन फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी १९८४ मध्ये फिलिपाइन्सला गेला होता. तिथे नुसत्या हातांनी, कापल्याशिवाय ‘गाठ काढण्याचा’ प्रकार चालतो. ती हातचलाखी असते. काढून दाखवलेले मांसाचे तुकडे रुग्णाचे नसतात. त्याच वर्षी मे महिन्यात कॉफमनचा मृत्यू झाला.

शहाणी माणसं का फसतात?

‘अडाणी लोक फसतात’ असं आपण सहज म्हणतो. क्रेमर अडाणी नाही. तो अभियंता आहे, माणसं पारखणारा आहे. तरी फसतो.

याचं उत्तर पहिल्या भागात आहे. त्यात डॉ. गॉर्डन नावाचे कॅन्सरतज्ज्ञ विद्यार्थ्यांना घेऊन एका खाटेपाशी उभे असतात. खाटेवरच्या माणसाची गाठ कुठे आहे, शस्त्रक्रिया का शक्य नाही, हे ते समजावतात. वॉर्डातला एक कर्मचारी मध्येच सांगतो, की या रुग्णाचं नाव जॉन आहे. तो रुग्ण म्हणजेच क्रेमर.

डॉक्टरांनी दिलेली माहिती अचूक होती. पण माणूस त्यात कुठेच नव्हता. सेसिलियाने नेमकं उलट केलं. माहिती सगळी खोटी, पण ती त्याच्याजवळ बसली, त्याच्याशी बोलली. भोंदू आधी वेळ विकतो, औषध नंतर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य आम्हा डॉक्टरांनी वापरणं बंद करायला हवं. ते क्रूर तर आहेच, शिवाय खोटंही आहे. आजार बरा करता येत नसला तरी दुखणं, धाप, मळमळ, झोप न लागणं, भीती या सगळ्यांवर उपचार असतात. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून ही सेवा दिली होती. त्यांचा त्रास कमी झालाच, शिवाय ते सरासरी अडीच महिने जास्त जगले.

तुम्ही काय विचाराल?

कोणीही ‘हमखास’ उपचार सुचवला, तर पैसे देण्याआधी एवढं पाहा :

- पुरावा म्हणून फक्त ‘बरा झालेला माणूस’ आहे का? चित्रपटातला हेन्री त्याच टोळीतला निघतो. प्रत्यक्षात तो माणूस प्रामाणिकही असू शकतो. पण त्याने केमोथेरपीही घेतली होती का? त्याचा बायोप्सीचा रिपोर्ट कुठे आहे?
- ‘हे गुपित आहे, कंपन्या दाबून टाकतात’ असं सांगतात का? खरा उपचार तपासणीला घाबरत नाही.
- ‘नवीन प्रयोग’ म्हणून मोठी रक्कम आगाऊ मागतात का? रीतसर वैद्यकीय चाचणीत प्रयोगाच्या औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. भारतात २००९ पासून अशा चाचण्यांची ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये नोंद सक्तीची आहे आणि ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते.
- कॅन्सर, मधुमेह बरा करण्याची जाहिरात आहे का? १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने अशा जाहिरातींना बंदी आहे. जाहिरात हीच धोक्याची घंटा.
- चालू उपचार बंद करायला सांगतात का? तसं असेल तर तिथून उठा. बऱ्या होऊ शकणाऱ्या कॅन्सरसाठी फक्त पर्यायी उपचार निवडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट आढळला, असं अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटीहून जास्त.

शेवटी थोडं सुडाबद्दल

क्रेमर फसवणाऱ्यांना शिक्षा करतो आणि प्रेक्षक मनात टाळ्या वाजवतो. पण मला खटकतं ते हे, की त्याच्याकडे उरलेला मोजका वेळ आधी फसवणुकीत गेला आणि नंतर सुडात. खऱ्या रुग्णाची लूटही हीच असते. पैसे कदाचित परत कमावता येतात. पण जे सहा महिने घरच्यांबरोबर, दुखणं आटोक्यात ठेवून घालवता आले असते, ते परत मिळत नाहीत.

दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. कोणी काढा, पावडर किंवा परदेशातला इलाज सुचवला असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. तो कागद, ती बाटली, तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज, सगळं घेऊन या. चांगला डॉक्टर चिडणार नाही, खुर्ची पुढे करेल. आणि जो चिडेल, त्याला सांगा की रुग्णाला नाव असतं.