शिष्यवृत्ति घेतांना काय द्यावें लागतें?

शिष्यवृत्ति हा शब्द आपल्या घरांत नेहमींच आदरानें उच्चारला जातो. बुद्धिमान् विद्यार्थ्यास त्याच्या गुणांबद्दल मिळालेला तो मान, अशी आपली समजूत. आणि मान म्हटला म्हणजे तो घ्यावयाचा, त्याच्या अटी वाचीत बसावयाचें नाहीं. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या पंचवीस वर्षांत शिष्यवृत्ति याच नांवाखालीं एक निराळी गोष्ट प्रचारांत आली आहे. ती गुणांबद्दल नसून गरजेबद्दल आहे. आणि ती घेतांना घेणारास कांहीं तरी द्यावेंही लागतें. अपंग मुलास सरकारी शाळेऐवजीं खासगी शाळेंत शिकतां यावें म्हणून तेथील अनेक संस्थानें जी रक्कम देतात, तिच्या नियमांविषयीं आज आम्ही लिहिणार आहों. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें, सुना व नातवंडें आज त्या देशांत आहेत. नातवास स्वमग्नता आहे असें तेथील डॉक्टरांनीं सांगावें आणि पाठोपाठ 'शिष्यवृत्ति घेऊन खासगी शाळेंत घालूं का?' असा प्रश्न दूरध्वनीवरून इकडे आजोबांस यावा, हें आतां अशक्य राहिलेलें नाहीं. अशा वेळीं 'पैसे मिळतात ना, मग घ्या' असें सांगणें सोपें आहे. तें सांगण्यापूर्वीं पुढील गोष्टी ध्यानांत घ्याव्या, एवढीच आमची विनंति.

प्रथम मूळचा हक्क कोणता तें पाहूं. एके काळीं अमेरिकेंतही अपंग मुलास 'आमच्या शाळेंत तुझी सोय नाहीं' असें सांगून परत पाठविण्याचा प्रघात अनेक ठिकाणीं होता. तेथील मध्यवर्ती सरकारनें कायदा करून ही वाट बंद केली. अध्यक्ष फोर्ड यांनीं २९ नोव्हेंबर १९७५ रोजीं त्यावर सही केली. १९९० सालीं त्या कायद्याचें नांव बदललें व नव्या नांवाच्या आद्याक्षरांवरून लोक त्यास 'आयडिया' म्हणूं लागले. त्याचे मुख्य खांब चार आहेत. अपंग मुलास त्याच्या गरजेस अनुरूप असें शिक्षण फुकट मिळालें पाहिजे. त्या एकट्या मुलापुरती लेखी शिक्षण-योजना पालकांस बरोबर घेऊन तयार केली पाहिजे. शक्य तेथवर त्यास इतर मुलांच्या सहवासांत शिकविलें पाहिजे. आणि शाळेचें म्हणणें पालकांस पटलें नाहीं, तर निःपक्षपाती अधिकाऱ्यापुढें दाद मागण्याची सोय असली पाहिजे. तंट्याचा निकाल लागेपर्यंत शाळेनें सामान्यतः मुलास आपल्या मर्जीनें जागचें हलवूं नये, असेंही बंधन आहे. सारांश, तेथील सरकारी शाळेंत अपंग मूल बसतें तें शाळेच्या उपकारावर नव्हे, आपल्या हक्कावर बसतें.

आतां हें हक्काचें मूल खासगी शाळेंत जातें कसें? त्यास तीन दरवाजे आहेत, आणि सारा घोटाळा हे तिन्ही दरवाजे एकच समजल्यानें होतो. पहिल्या प्रकारांत स्थानिक शाळामंडळ स्वतःच कबूल करतें कीं, या मुलास लागणारी सोय आमच्यापाशीं नाहीं, आणि आपल्या खर्चानें त्यास खासगी शाळेंत धाडतें. येथें मुलाचे सर्व हक्क त्याच्याबरोबर जातात. दुसऱ्या प्रकारांत पालक आपल्या जबाबदारीवर मुलास खासगी शाळेंत घालतात आणि सरकारी शाळेनें योग्य शिक्षण देऊं केलें नव्हतें असें सिद्ध करून खर्च परत मागतात. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील बर्लिंग्टन गांवच्या खटल्यांत १९८५ सालीं तेथील सुप्रीम कोर्टानें ही मागणी ग्राह्य ठरविली. पुढें २०१७ सालीं कोलोरॅडो संस्थानांतील एका स्वमग्न मुलाच्या खटल्यांत त्याच कोर्टानें एकमतानें सांगितलें कीं, नांवापुरती अल्पस्वल्प प्रगति पुरेशी नाहीं. मुलाची परिस्थिति पाहून त्यास साजेशी प्रगति घडेल अशीच योजना पाहिजे. त्या मुलाच्या पालकांस खासगी शाळेचा खर्च परत मिळावा असा निकाल २०१८ सालीं झाला. हा मार्ग लांबचा व खर्चाचा खरा, परंतु त्यांत हक्क सोडावा लागत नाहीं. उलट हक्काच्याच बळावर तो चालावयाचा असतो.

तिसरा दरवाजा शिष्यवृत्तीचा. येथें पालकांनीं आपखुषीनें मूल खासगी शाळेंत घातलें असें कायदा मानतो. आणि मध्यवर्ती नियम असा आहे कीं, पालकांनीं स्वतः खासगी शाळेंत घातलेल्या अपंग मुलास विशेष शिक्षणाच्या सेवांचा वैयक्तिक हक्क नाहीं. अशा सर्व मुलांसाठीं मिळून मध्यवर्ती पैशांतील कांहीं हिस्सा शाळामंडळ खर्च करतें. पण त्यांतून अमुक एका मुलास अमुक सेवा मिळालीच पाहिजे असें म्हणतां येत नाहीं. पैसा संस्थान-सरकारच्या तिजोरींतून आला असला तरी या नियमांत फरक पडत नाहीं. येथेंच देवाणघेवाण होते, आणि ती रकमेच्या आंकड्यांत दिसत नाहीं.

उदाहरणार्थ फ्लॉरिडा संस्थान घेऊं. या प्रकारची पहिली मोठी योजना तेथें निघाली. १९९९ सालीं सॅरासोटा परगण्यांत ती प्रयोगादाखल सुरू झाली व लवकरच साऱ्या संस्थानास लागू करण्यांत आली. तिला जॉन मॅके या तेथील लोकप्रतिनिधीचें नांव होतें. सरकारी शाळेंत मुलावर जो खर्च झाला असता तो, किंवा खासगी शाळेची फी, यांपैकीं जी रक्कम कमी ती शिष्यवृत्ति. फी जास्त असली तर वरचा भार पालकांवर. पैशाची अफरातफर होऊं नये म्हणून बरीच खबरदारी होती. सरकारी चेक पालकाच्या नांवें निघून शाळेकडे येई, आणि पालकानें स्वतः सही केल्यावांचून तो शाळेस वटवितां येत नसे. ही सही करण्यासाठीं दुसऱ्यास मुखत्यार नेमण्याचीही मनाई होती. शिक्षक पदवीधर असावा, किंवा त्यास तीन वर्षांचा अनुभव असावा, किंवा विषयाचें खास ज्ञान असावें. शाळेनें वर्षांतून एकदां मुलाच्या प्रगतीचा लेखी अहवाल पालकांस द्यावा. ही योजना १ जुलै २०२२ पासून तेथील दुसऱ्या एका शिष्यवृत्तींत विलीन झाली. तीमध्यें मुलाच्या नांवें खातें असतें आणि फीखेरीज उपचार, शिकवणी व साधनें यांवरही पैसा खर्च करतां येतो.

नियम पाहिले तर पैशावर पहारा चोख दिसतो. परंतु मुलास शिकविण्याची जी लेखी हमी सरकारी शाळेंत होती, तिच्या जागीं काय आलें? खासगी शाळेनें मुलास घेतलेंच पाहिजे असें नाहीं, आणि घेतल्यावर त्याच्या जुन्या शिक्षण-योजनेप्रमाणें शिकविलेंच पाहिजे असेंही नाहीं. १९९० च्या अपंगांविषयींच्या भेदभाव-प्रतिबंधक कायद्याचा खासगी शाळांस लागणारा भाग धार्मिक संस्थांनीं चालविलेल्या शाळांस लागू नाहीं. आणि खासगी शाळांत अशा शाळांचा भरणा मोठा असतो. शिक्षकी पेशांत आयुष्य घालविलेल्या कोणासही हें ठाऊक आहे कीं, शाळा चांगली असली तरी तिचा ओढा त्रास न देणाऱ्या मुलाकडे असतो. हा स्वभाव आहे, दुष्टपणा नव्हे. म्हणूनच त्यास नियमाचा लगाम लागतो. लगाम सोडला तर 'हें मूल आमच्यानें होत नाहीं' हें वाक्य सत्राच्या मध्यावरही कानीं पडूं शकतें. मग दाद मागावयाची ती कराराची, हक्काची नव्हे. मूल पुनः सरकारी शाळेंत आणलें तर हक्क पुनः जागा होतो, हें खरें. पण मध्यंतरीं गेलेलीं वर्षें कोणी परत देत नाहीं.

जॉर्जिया संस्थानाच्या २००७ च्या कायद्यानें ही गोष्ट निदान स्पष्ट लिहिली. ही शिष्यवृत्ति स्वीकारणें म्हणजे मध्यवर्ती कायद्याखालीं मिळणाऱ्या सेवांस पालकांनीं संमति नाकारण्यासारखेंच आहे, असें तो म्हणतो. परंतु कायद्याच्या पुस्तकांत लिहिलेलें पालकांच्या कानापर्यंत पोंचतें काय? अमेरिकेच्या सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या कचेरीनें नोव्हेंबर २०१७ मध्यें यावर अहवाल प्रसिद्ध केला. केवळ अपंगांसाठीं असलेल्या अशा योजनांतील विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ८३ विद्यार्थी ज्या योजनांत होते, त्या योजना हक्कांतील बदलाविषयीं एक तर कांहींच सांगत नव्हत्या, किंवा सांगत त्यांत चुका होत्या, असें त्या अहवालांत आहे. हा आंकडा २०१६-१७ या शालेय वर्षाचा. पालकांस ही माहिती देणें संस्थानांवर बंधनकारक करण्याचा विचार व्हावा, अशी शिफारसही त्या कचेरीनें केली.

मीमांसकांनीं विकल्प हा आठ दोषांनीं दूषित मानला आहे. त्यांच्या म्हणण्याचें सार असें कीं, दोन विधींपैकीं एकाचें ग्रहण केलें कीं ज्याचें प्रामाण्य आपण मानीत होतों त्या दुसऱ्याचें प्रामाण्य टाकावें लागतें. हे शास्त्रकार यज्ञांतील व्रीहि व यव यांच्याविषयीं बोलत होते. परंतु निवडीचें स्वातंत्र्य म्हणून ज्याचा गौरव होतो त्यांत कांहीं टाकणेंही असतें, हें त्यांनीं बरोबर ओळखलें. यावरून शिष्यवृत्ति घेऊंच नये, असा आमचा निष्कर्ष नाहीं. सरकारी शाळेंत चाळीस मुलांच्या टिंगलीनें कोमेजलेलें मूल लहानशा खासगी शाळेंत गेल्यावर बोलूं लागलें, तर त्याच्या आईस कायद्याचें कलम सांगून काय उपयोग? भांडून मिळविलेल्या सेवेपेक्षां प्रेमानें दिलेली सेवा कित्येकदां गुणकारी ठरते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आईनें ती निवड उघड्या डोळ्यांनीं केलेली असावी.

याच दृष्टीनें आपल्याकडील व्यवस्था तुलना करून पाहण्यासारखी आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें खासगी विनाअनुदान शाळांस पहिलीच्या वर्गांत निदान शेंकडा २५ जागा दुर्बल व वंचित मुलांस देण्यास लाविलें, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें या वंचितांत अपंग मुलांचा समावेश झाला. अल्पसंख्याकांच्या शाळा मात्र २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानें या कायद्यांतून वगळल्या गेल्या. येथेंही सरकार शाळेस पैसे देतें, आणि गंमत अशी कीं, सूत्र तेंच आहे: सरकारचा दर मुलामागील खर्च किंवा शाळेची फी, यांतील कमी ती रक्कम. परंतु मूल हक्क घेऊनच त्या शाळेंत जातें. तें शिक्षण त्यास फुकट मिळावयाचें असतें, आणि प्रवेशासाठीं मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्यास शाळेस मनाई आहे. हा हक्क आठवीपर्यंतचा. २०१६ च्या दिव्यांगांविषयींच्या कायद्यानें, शेंकडा ४० किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेंत किंवा, त्याची इच्छा असेल तर, विशेष शाळेंत फुकट शिकण्याचा हक्क दिला. म्हणजे आमच्या कायद्यांत निवड आहे आणि हक्कही आहे. आमच्याकडे उणीव आहे ती अंमलबजावणीची. जिन्याशेजारीं उतार नाहीं, विशेष शिक्षक नाहीं, आणि सरकारी परतावा वेळेवर येत नाहीं म्हणून शाळा कुरकुरतात. आणखी एक उणीव आपल्या घरांतलीच आहे. 'मूल जरा मंद आहे, होईल हळूहळू', 'प्रमाणपत्र काढलें तर धाकट्या बहिणीच्या लग्नास आड येईल' अशा विचारानें तपासणीच टाळली जाते. दाखला नाहीं म्हणून हक्क नाहीं, आणि हक्क नाहीं म्हणून शाळेची मेहेरबानी, असें हें चक्र आहे. एकत्र कुटुंबांत असें मूल सांभाळणारे हात पुष्कळ असतात, ही आपली मोठी शक्ति. परंतु तेच हात त्यास लपवूं लागले तर त्याचें नुकसान परक्यांपेक्षां आपणच अधिक करतों.

तेव्हां परदेशांतून आलेल्या त्या प्रश्नास आजोबांनीं होय किंवा नाहीं असें उत्तर न देतां चार प्रश्न उलट विचारावे. ही रक्कम घेतल्यावर सरकारी शाळेंतील कोणता हक्क उरत नाहीं, तें त्या संस्थानाच्या शिक्षणखात्यानें लेखी सांगितलें आहे काय? नवी शाळा मुलासाठीं नेमकें काय करणार, आठवड्यांतून किती तास, कोणाकडून, हें तिनें कागदावर दिलें आहे काय? तिनें वर्षाच्या मध्यें मूल परत पाठविलें तर उरलेल्या रकमेचें व मुलाचें काय होतें? आणि या तिसऱ्या दरवाजानें जाण्यापूर्वीं पहिल्या दोन दरवाजांची चौकशी केली आहे काय? चारी उत्तरें हातीं आल्यावर आईबापांनीं जो निर्णय घ्यावा त्यास घरांतल्या सर्वांनीं पाठबळ द्यावें. मुलास सही करतां येत नाहीं. त्याच्या वतीनें सही करणाऱ्यानें कागद शेवटपर्यंत वाचला पाहिजे.