विकासाचा करार कोणी वाचायचा?

पाश्चात्त्य भांडवल आले की आधुनिकता आली, असा भाबडा समज राज्यकर्त्यांच्या मनात घर करून बसला आहे. दाभोळचा वीजप्रकल्प हा त्याचा जळजळीत धडा होय. १९९३ साली खुद्द जागतिक बँकेने तो आर्थिकदृष्ट्या परवडणारा नसल्याचे सांगून अर्थसाहाय्य नाकारले. तरीही त्याच डिसेंबरात एन्रॉनच्या या प्रकल्पाचा वीजखरेदी करार झाला आणि तो जनतेपासून गोपनीय ठेवला गेला. दर डॉलरशी बांधलेला. रुपया घसरला की भुर्दंड राज्य वीज मंडळावर; वीज उचलली नाही तरी स्थिर आकार चुकत नसे. १९९९ मध्ये सुरू झालेली वीजनिर्मिती २००१ मध्ये बंद पडली, आणि वर्षअखेर एन्रॉनचेच दिवाळे वाजले. जमिनी मात्र गुहागर तालुक्यातील गावकऱ्यांच्या गेल्या. विरोध केला म्हणून लाठ्याही त्यांनीच खाल्ल्या.

वीज नको, असे कोणीच म्हणत नाही. यंत्र पश्चिमेचे असण्यातही गैर काही नाही. पण ज्याने किंमत मोजायची, त्याला करार वाचण्याचा व नाकारण्याचा अधिकार हवा. हिशेब मागणारी चिकित्सक वृत्ती हीच आधुनिकतेची खरी खूण. ती आयात करता येत नाही.