गोधडीचें अस्तर

वर्ध्याच्या उन्हाळ्याची कीर्ति दूरवर पसरलेली आहे. पण मार्गशीर्ष लागला कीं याच गांवीं पहांटे अंगावर कांहीं घेतल्यावांचून निजवत नाहीं, हें बाहेरच्यांस सांगूनहि पटत नाहीं. आमच्या घरीं दिवाळीचे डबे रिकामे झाले कीं गोधड्या धुऊन उन्हांत पडतात, आणि त्यांबरोबर वर्षभराच्या चुकाहि उजेडांत येतात. यंदां उजेडांत आलेली चूक आमची स्वतःचीच असल्यामुळें ती लिहिण्यास कोणाची परवानगी घ्यावी लागली नाहीं!

झालें असें कीं, थोरल्या काकू गेल्या तेव्हां त्यांचीं दोन मऊ नऊवारी लुगडीं मागें राहिलीं होतीं. धाकट्या सूनबाईंस पौषांत दिवस भरतात. एका लुगड्याची बाळंतिणीसाठीं गोधडी व दुसऱ्याचें बाळासाठीं दुपटें करावें, असें आषाढांत सर्वानुमतें ठरलें. वर लुगडें, मध्यें जुन्या धोतरांचे दोन थर, आणि खालीं? "तळाकडे कोण पाहतो?" असें म्हणून आम्हीं कपाटांतील नवी कोरी खादी काढली. ज्या गांवीं १९३४ सालीं ग्रामोद्योग संघ निघाला आणि १९३८ सालीं गांधीजींच्या हस्तें मगन संग्रहालय उघडलें, तेथील घरांत खादी हाताशीं असणें स्वाभाविकच आहे. ती न भिजवितां वापरणें मात्र आमच्या पदरचें.

पहिल्याच धुण्यांत खादी आटली. लुगडें शेंकडों पाण्यांतून निघालेलें. तें आणखी काय आटणार? वरचा थर चुण्यांनीं भरला, चारहि कोपरे आंत वळले, आणि ताणलेल्या दोऱ्यानें लुगडें दोन ठिकाणीं फाटलें. खादी हवी तितकी मिळेल. काकूंचें लुगडें कोठून आणावें?

मागावर ताणा सारखा ओढून धरलेला असतो. कापड भिजलें कीं तो ताण सुटतो आणि सूत आपल्या मूळच्या लांबीकडे वळतें. त्यांत खळ असल्यास कोरें कापड उगीच भरदार दिसतें. म्हणून अस्तर रात्रभर पाण्यांत बुडवून ठेवावें, चोळून धुवावें, वाळवावें, आणि हाच क्रम पुन्हां एकदां करावा. गिरणीचें कापड कमी आटेल, पण आटेल. रंगीत असल्यास ओला पांढरा फडका त्यावर घांसून पाहावा. फडक्यास रंग लागला तर तें कापड गोधडीस नकोच. रंग लागून गेलाच असेल तर गोधडी लागलीच थंड पाण्यांत टाकावी व पाणी स्वच्छ निघेपर्यंत बदलावें. इस्त्री किंवा ऊन दाखवूं नये, कारण उष्णतेनें डाग पक्का होतो.

दुसरी चूक मापाची. अस्तर वरच्या थराएवढेंच कापण्याचा मोह पुष्कळींस होतो. धांवदोऱ्याची प्रत्येक ओळ थोडें थोडें कापड खाते. यासाठीं तळ चारहि बाजूंनीं चार बोटें मोठा हवा, उरलेला मागाहून दुमडतां येतो. ६० इंच रुंद व ९० इंच लांब गोधडीस ३६ इंची पन्ह्याची खादी सव्वापांच मीटर लागते. आटीचा हिशेब त्यांत आला. तिचे दोन सारखे तुकडे करावे. दोन पन्हे नुसते जोडल्यास शिवण नेमकी मधोमध, पाठीखालीं येते. ती टोंचते आणि झिजतेहि आधीं. एक पन्हा अखंड मध्यें ठेवून दुसरा उभा चिरावा व त्याच्या पट्ट्या दोन्ही अंगांस लावाव्या. जोडण्यापूर्वीं कांठ काढून टाकावे, कारण त्यांची वीण घट्ट असते व तीं शिवण ओढते.

अस्तर जमिनीवर उलटें पसरून कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या, जें हाताशीं असेल तें वजन ठेवावें. सुरकुती राहूं नये इतकें ओढावें, ढोलासारखें ताणूं नये. ताणलेलें अस्तर हात काढतांच आंखडतें. एकेक थर मध्यापासून बाहेर हातानें सारीत जावें. कच्चे टांकेहि मध्यापासूनच, वीतभर अंतरानें. आपल्याकडे धांवदोरा कडेकडून फेऱ्या घेत आंत येतो. कच्चे टांके नसतील तर सारी ढील मध्यें गोळा होऊन तेथें गांठोडें बसतें. दोन फेऱ्या झाल्या कीं गोधडी उलटून पाहावी. चुणी तेव्हांच दिसली तर वीतभर उसवून भागतें.

आमचें वीतभरावर भागलें नाहीं! सासूबाईंनीं एक शब्द न बोलतां कातरीचें टोंक पुढें केलें आणि चार दुपारीं आम्ही दोघी उसवीत बसलों. खादी पुन्हां भिजवून वाळविली. ती उणी पडली तितकी पट्टी दोन कडांस जोडली. फाटल्या जागीं त्याच लुगड्याच्या पदराचीं ठिगळें आंतून लावलीं. ठिगळाचा उभा धागा लुगड्याच्या उभ्या धाग्यासच जुळवावा लागतो व कोपरे गोल कापावे लागतात, हें आम्हांस त्याच वेळीं कळलें.

बंगाली स्त्रिया कांथा शिवतांना जुन्या साड्यांवर जुन्याच साड्या घालीत, आणि दोराहि साडीच्या कांठांतून काढीत. सारे थर सारखेच वापरलेले असल्यानें एक दुसऱ्यास ओढीत नसे. जुनें लुगडें तळास घेतांना तें उजेडाशीं धरून पाहावें. बैठकीचा व गुडघ्यांचा भाग विरलेला असतो, पदराकडचा बहुधा शाबूत.

गोधडीचा एक कोपरा अजून वांकडा आहे. सूनबाई म्हणतात, राहूं द्या. दुपट्यास मात्र खादी लावली नाहीं. काकूंच्या दुसऱ्या लुगड्याचा पदर वर घेतला आणि त्याच्याच मधल्या, धड उरलेल्या भागाचा तळ केला.