सज्ञान होणाऱ्या मुलाचा हक्क



आपल्यापैकी एखाद्याच्या घरी सतरा वर्षांचा मुलगा आहे. तो बोलत नाही, किंवा बोललाच तर ऐकलेले शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो. गर्दीत नेला की कानांवर हात ठेवतो, ठरलेल्या क्रमात फरक पडला की अनावर होतो आणि ओळखीच्या माणसाच्याही नजरेला नजर देत नाही. वैद्यकशास्त्राने या अवस्थेस स्वमग्नता हे नाव दिले आहे. आजवर त्याच्या वतीने शाळेत, दवाखान्यात व बँकेत आईबापांनी सह्या केल्या आणि कोणी हरकत घेतली नाही. परंतु ज्या दिवशी त्यास अठरा वर्षे पूर्ण होतील, त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने तो सज्ञान होईल व आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपुष्टात येईल. मुलगा कालचाच असेल, आईही कालचीच असेल. मात्र तिची सही त्याच्या कागदावर चालेनाशी होईल. तो दिवस उजाडण्यापूर्वी आपण काय केले पाहिजे, हे सांगण्यासाठी आम्ही हा अग्रलेख लिहीत आहोत.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे, कारण तिच्यामुळेच कित्येक अर्ज लिहिले जात नाहीत. आपल्यातील स्वाभिमानी गृहस्थ म्हणतात, "दारोदार भाकरी मागण्याचे आमच्या वाडवडिलांच्या माथी मारलेले जिणे बाबासाहेबांनी सोडावयास लावले. आता धम्मदीक्षा घेतल्यावर पोराचे दुखणे पुढे करून आम्ही सरकारापुढे हात का पसरावा?" या प्रश्नामागील स्वाभिमान आम्हांस वंदनीय आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते अशासाठी, की त्या व्यवस्थेत कष्टांना ठरलेला मोबदला नव्हता. जे मिळे ते देणाऱ्याच्या मर्जीने मिळे. भिक्षेत घेणारा लाचार असतो आणि देणारा उपकारकर्ता. हक्काची गोष्ट निराळी. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे बाबासाहेब अध्यक्ष होते, त्याच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी नागरिकास सार्वजनिक साहाय्य मिळावे, अशी तरतूद करण्याचे मार्गदर्शक तत्त्व राज्यावर घातले आहे. पुढे संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत केला. कायद्याच्या नावातच हक्क हा शब्द आहे. तेव्हा जो अर्ज करतो तो हात पसरत नाही. आपल्या मुलाचे येणे तो वसूल करतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरातील देव्हारा काढला, तरी आजीच्या मनात एक वाक्य राहून गेले असते, "मागल्या जन्मीचे काही असेल, म्हणून असे लेकरू पोटी आले." भगिनींनो, हे वाक्य घराबाहेर घालवा. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त स्पष्टपणे नाकारला आहे. ज्या सिद्धान्ताने आपल्या पूर्वजांच्या अस्पृश्यतेचे समर्थन केले, त्याच सिद्धान्ताने आपण आपल्याच लेकराला दोषी ठरवावे काय? स्वमग्नता हा मेंदूच्या घडणीतील जन्मजात फरक आहे. ती आईच्या पापाने येत नाही, बापाच्या शापाने येत नाही आणि लाड कमी पडल्यानेही येत नाही. अंगारे-धुपारे व देवऋषी यांवर जे पैसे आणि जी वर्षे जातात, ती मुलाच्या शिक्षणातून वजा होतात.

चुळपंथकाची कथा आपण विहारात ऐकली असेल. त्या भिक्खूस चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाने त्यास विहारातून निघून जाण्यास सांगितले. भगवंतांनी त्यास परत बोलाविले, हाती स्वच्छ वस्त्राचा एक तुकडा दिला आणि तो चोळत राहण्यास सांगितले. मळत जाणाऱ्या त्या वस्त्रावरून चुळपंथकास अनित्यतेचा बोध झाला. गाथेच्या मार्गाने जो शिकू शकला नाही, तो वस्त्राच्या मार्गाने शिकला. उणीव शिष्यात नव्हती. शिकविण्याची रीत त्यास जुळणारी नव्हती. आपल्या मुलाकडे आपण थोरल्या भावाच्या दृष्टीने पाहणार, की तथागतांच्या?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. १९९५ च्या जुन्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यांत तिला स्थान दिले. यास्तव सर्वांत आधी हवे ते दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे वैश्विक ओळखपत्र, ज्यास लोक यूडीआयडी कार्ड म्हणतात. त्याचा अर्ज केंद्र शासनाच्या स्वावलंबन या संकेतस्थळावर भरता येतो. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व नोंदलेले असावे लागते. ज्यांच्याकडे बालपणीचे प्रमाणपत्र आहे, त्यांनी ते आजच पेटीतून काढून त्यावरील मुदत वाचावी. मुदत संपली असेल किंवा संपत आली असेल, तर नूतनीकरणास अठराव्या वाढदिवसाची वाट पाहू नये.

खुलताबादेहून छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे आणि गर्दी न सोसणाऱ्या मुलास दौलताबादच्या घाटातून भरलेल्या बसने नेणे होय, हे आम्ही जाणतो. म्हणूनच ती खेप वाया जाऊ नये. तपासणीच्या दिवशी मुलगा कदाचित कोपऱ्यात शांत बसून राहील आणि अर्ध्या तासात त्याचे खरे जीवन कोणासही दिसणार नाही. स्वमग्नता मोजण्यासाठी आपल्या देशात जी मापनश्रेणी वापरतात, तिच्यात ४० बाबी आहेत आणि त्यांतील पुष्कळशा आईने सांगितल्यावाचून कळणाऱ्या नाहीत. तेव्हा महिनाभर आधीपासून एका वहीत लिहून ठेवा : अंघोळ तो स्वतः करतो काय, जेवण वाढून घेतो काय, पैसे ओळखतो काय, रस्ता एकटा ओलांडतो काय, रात्री किती झोपतो, कशाने बिथरतो, स्वतःस इजा करून घेतो काय. जे आहे ते लिहा. लाजेने लपवू नका आणि लाभाच्या आशेने वाढवूही नका. मुसावादापासून अलिप्त राहण्याचे शील अर्जासही लागू आहे.

दुसरे काम कागद जुळविण्याचे. धम्मदीक्षेनंतर कित्येक कुटुंबांनी नावे वा आडनावे बदलली. परिणामी शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि शिधापत्रिकेवर तिसरे असा घोळ झाला. अनुदान आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. एका अक्षराचा फरकही ते अडवू शकतो. नावबदल झाला असेल तर तो राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या आणि सर्व कागदांवर एकच नाव आणा. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिल्याने मुलाचा लाभ जाईल, अशी भीती कोणी घालीत असेल तर तिला बळी पडू नका. दिव्यांगाचा हक्क धर्मावर वा जातीवर अवलंबून नाही. शिवाय १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांमधील अनुसूचित जातींच्या सवलतीही केंद्राने मान्य केल्या आहेत. जातीचा दाखला आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ही दोन स्वतंत्र पत्रे आहेत. एकाने दुसरे बाद होत नाही.

तिसरे काम तहसील कार्यालयातील. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून चालू आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांस तिचा लाभ मिळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक साहाय्य १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. अर्जासोबत वयाचा, रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार, बँकेचे पासबुक आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडावे. अर्ज दिल्यावर पोच घेतल्यावाचून खिडकी सोडू नये. अर्ज नामंजूर झाल्यास कारण लेखी मागावे; तोंडी नकार हा नकार नव्हे. अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला देण्यास चुकू नये. यांखेरीज राष्ट्रीय न्यासाची 'निरामया' ही आरोग्य विमा योजना आहे. तीत नोंदणी केलेल्या स्वमग्न व्यक्तीस वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च मिळू शकतो. जे पालक सरकारी नोकरीत आहेत, त्यांनी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलाचे नाव व वैद्यकीय दाखला आपल्या हयातीतच कार्यालयात नोंदवून ठेवावा.

चौथे काम सर्वांत नाजूक आहे, ते पालकत्वाचे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. सज्ञान झालेल्या स्वमग्न व्यक्तीसाठी आईवडील किंवा नातेवाईक या समितीकडे पालक नेमण्याचा अर्ज करू शकतात. त्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. समितीने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावे, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. परंतु येथे एक विवेक हवा. या व्यक्तीस पालकाची खरोखर गरज आहे काय आणि असल्यास कोणत्या कामांपुरती, हे समितीने पाहावे, असे कायदाच सांगतो. तोच प्रश्न आपण आधी घरी विचारावा. जो मुलगा खुणेने हो-नाही सांगू शकतो, आपला सदरा निवडतो, दुकानातून मीठ आणतो, त्याचा तेवढा निर्णय त्याच्याकडेच राहू द्या. ज्यांच्या वतीने शतकानुशतके इतरांनीच निर्णय घेतले, त्या आपण तरी दुसऱ्याचा आवाज सोयीसाठी गिळू नये.

आणि जो कोणी पालक नेमला जाईल, मग तो थोरला भाऊ असो वा काका, त्याने समजून असावे की हे मालकीपत्र नव्हे. नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत त्यास मुलाच्या मालमत्तेची यादी सादर करावी लागते आणि दर आर्थिक वर्षाअखेर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. हेळसांड किंवा अपहार झाल्यास त्यास दूर करता येते. दोन एकर जमिनीपायी दिव्यांग भावाचे पालकत्व मागणारे कोणी आपल्यात निपजू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

शासनासही आमचे काही सांगणे आहे. या योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५० हजार रुपये आहे. एक मजूर दिवसाला ३०० रुपये मिळवून वर्षातून २०० दिवस राबला, तरी त्याचे उत्पन्न ६० हजार होते. म्हणजे जो बाप कष्ट करतो आणि खरे उत्पन्न सांगतो, त्याचा मुलगा अपात्र ठरतो. आणि ज्यास उत्पन्न कमी दाखविता येते, तो पात्र ठरतो. गरिबास खोटे बोलावयास लावणारा नियम न्याय्य म्हणता येणार नाही. या राज्याने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापिला, ही समाधानाची गोष्ट होय. त्या विभागाने ही मर्यादा वाढवावी आणि तपासणीची शिबिरे तालुक्याच्या ठिकाणी नियमितपणे भरवावीत, अशी आमची मागणी आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते; ती कोठे गेली, हा प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारण्याचा अधिकार आपणा प्रत्येकास आहे.

शेवटी आपल्या विहारांविषयी. वंदना चालू असता असा मुलगा ओरडला, तर सर्वांच्या माना वळतात आणि त्याची आई त्यास घेऊन बाहेर जाते. पुढल्या रविवारी ती येत नाही. मग कधीच येत नाही. ज्या स्त्रीने दिवसरात्र लेकरापायी घालविली, तिला संघाचाही आधार तुटतो. भगवंतांनी मलमूत्रात पडून राहिलेल्या आजारी भिक्खूस आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले आणि इतर भिक्खूंना त्यांच्या कर्तव्याची जाणीव दिली, हे आपण वाचतो. ते विहारात आचरणात यावे. मुलगा ओरडला तर वंदना क्षणभर थांबवा, आईस थांबवून घ्या. वंदनेनंतर एक तास राखून ठेवा. त्या तासात शिकलेल्या तरुणांनी अर्ज भरावेत, कागद तपासावेत, आणि ज्या दिवशी रुग्णालयात जावयाचे, त्या दिवशी एकाने त्या मायलेकरांसोबत जावे.

वेरूळची बौद्ध लेणी आपल्याच तालुक्यात आहेत. बुद्धपौर्णिमेस आपण तेथे सहकुटुंब जातो आणि त्या मुलास शेजाऱ्याकडे ठेवून जातो. येत्या पौर्णिमेस त्यालाही न्या, गर्दी होण्याआधी सकाळी लवकर. दहाव्या लेण्यातील कमानीखाली शांततेत त्यास बसू द्या. आणि त्याच आठवड्यात त्याच्या नावाचा अर्ज तहसीलमध्ये दाखल करा. लेणे पाहण्याचा अधिकार जसा त्याचा, तसा तो अर्जही त्याचाच.

जय भीम. भवतु सब्ब मंगलं.