डिसोझांच्या आडनावातली रेघ
रासमुस लेरडॉर्फने १९९५ मध्ये पीएचपी लोकांपुढे ठेवली, आणि वेबवरचा फॉर्म हाताळणं तिने फारच सोपं करून टाकलं. फॉर्ममध्ये ‘नाव’ची चौकट असली की स्क्रिप्टमध्ये त्याच नावाचं व्हेरिएबल आपोआप हजर! पण पत्त्याच्या शेपटीला कुणी ‘अ‍ॅडमिन=१’ जोडलं, तर तेही तितक्याच मानाने आत येई; प्रोग्रामरने ते आधी स्वतः शून्य केलेलं नसलं की आल्यागेल्याच्या हाती किल्ल्या. २००२ मध्ये ४.२ आवृत्तीपासून ही सोय मुळातच बंद ठेवली गेली, २०१२ च्या ५.४ मध्ये काढूनच टाकली. सोबत ‘मॅजिक कोट्स’ही गेले, त्याचं मला जास्त बरं वाटलं. फॉर्ममधून आलेल्या मजकुरात अवतरणचिन्ह किंवा तिरकी रेघ दिसली की तिच्याआधी आणखी एक तिरकी रेघ मारायची, एवढीच त्यांची अक्कल. गोव्यातल्या डिसोझांनी रोमन लिपीत डी आणि एसच्या मध्ये आडनावातलं ते अवतरणचिन्ह दिलं की त्याआधी एक रेघ; फॉर्म तसाच दुरुस्तीला उघडून परत पाठवला की तीन. बरं, एवढं करून डेटाबेसच्या क्वेरीत घुसणारा चोर अडायचा म्हणावं, तर जिथे नुसता आकडा हवा तिथे ‘५ ऑर १=१’ लिहायला अवतरणचिन्ह लागतंच कुठे? त्यापेक्षा प्रिपेअर्ड स्टेटमेंट बरं: क्वेरी वेगळी, मूल्य वेगळं, आणि डिसोझा जसेच्या तसे. पानावर छापताना मात्र, कुणी नावात घुसडलेला टॅग निष्प्रभ करायला, एचटीएमएलस्पेशलचार्स हवंच. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टच्या तपासणीवर विसंबणाऱ्यांना काय सांगावं. तिला वळसा घालून थेट सर्व्हरला फॉर्म पाठवायला कर्ल या कमांडची एक ओळ पुरते.